जागा आधी, गोंद नंतर

रत्नागिरी जिल्ह्यातील एका भगिनीचे पत्र या महिन्यात आमच्याकडे आले आहे. त्यांचा मुलगा नववीत शिकतो. त्याचे अब्बा आखातात नोकरीला आहेत. मागच्या सुट्टीत येताना त्यांनी मुलासाठी विमानाच्या प्लास्टिक मॉडेलचे खोके आणले. दुसऱ्या महायुद्धातील हरिकेन विमान, १:७२ प्रमाणातले. मुलाने शाळा सांभाळून दोन महिने मेहनत केली, विमान जोडले, रंगवले, पंखांवरची चिन्हे चिकटवली. शेवटचे बारीक भाग लावताना मात्र सगळे बिघडले. गोंद पंखावर ओघळला, चाकाचा एक पाय मोडला, पंखाखालची नळी चिमट्यातून उडाली ती सापडलीच नाही. भगिनी विचारतात, "त्याचे अब्बा पुढच्या महिन्यात येणार आहेत. त्याने तर विमानाचे नाव टाकले आहे. बाजारातून तयार विमान आणून ठेवू, की रात्री मीच बसून चिकटवून टाकू?"

भगिनी, दोन्ही करू नका. बाजारातले विमान अब्बांच्या लगेच लक्षात येईल, आणि मुलाला ते रोज समोर दिसत राहील. तुम्ही चिकटवून दिलेत तर मोडलेला भाग जुळेल, पण तो का मोडला हे मुलाला कळणार नाही. तुम्ही लिहिलेले सगळे नुकसान भरून येण्यासारखे आहे. ते कसे, हे आज आम्ही सविस्तर लिहीत आहोत. ज्या घरांत मुले-मुली असे काही बारीक जोडकाम करतात, त्या सर्वांना ते उपयोगी पडेल.

आधी हे समजून घेऊ की दोन महिने नीट चाललेले काम शेवटच्या टप्प्यावरच का बिघडते. १:७२ म्हणजे खऱ्या विमानातले सहा फूट येथे एक इंच. हरिकेनच्या पंखांचा पसारा ४० फूट होता. मॉडेलमध्ये तो साडेसहा इंचांहून थोडा अधिक भरतो. खऱ्या विमानात चार सेंटिमीटर जाडीची नळी असेल तर मॉडेलमध्ये ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येते. विमानाच्या धडाचे दोन अर्धे भाग जोडताना गोंदाला लांबलचक कड मिळते. बारीक नळीला मिळते ती फक्त तिच्या टोकाएवढी जागा. शिवाय धड जोडताना प्लास्टिक उघडे होते. आता ते रंगाखाली आहे. खरी अडचण येथे आहे.

प्लास्टिक मॉडेलसाठी मिळणारे सिमेंट हे नेहमीच्या गोंदासारखे काम करीत नाही. ते दोन्ही बाजूंचे प्लास्टिक किंचित विरघळवते. विरघळलेले थर एकमेकांत मिसळतात आणि सिमेंट उडून गेले की दोन्ही भाग एकजीव होतात. मध्ये रंगाचा थर असेल तर हे घडत नाही. सिमेंट रंगालाच मऊ करते आणि भाग विमानाला न चिकटता रंगाला चिकटतो. थोडा धक्का लागला की रंगाचा पापुद्रा घेऊन तो सुटतो. मग मूल आणखी गोंद लावते, तो ओघळतो, ओघळ पुसायला बोट जाते आणि पंखावर बोटाचा ठसा उमटतो. पत्रातल्या मुलाचेही बहुधा असेच झाले असावे. त्याचा हात वाईट आहे असे नाही. भाग बसायची जागा तयार नव्हती.

म्हणून पहिला नियम हा की जागा आधी आणि गोंद नंतर. ज्या ठिकाणी भाग बसायचा आहे तेथला रंग ब्लेडच्या टोकाने हलकेच खरवडून उघडे प्लास्टिक दिसू द्यावे. भागाच्या टोकावरचा रंगही तसाच काढावा. खरवडलेली जागा भागाखाली झाकली जाईल एवढीच असावी. पुढचे मॉडेल करताना तर रंगवण्यापूर्वीच अशा जागांवर मास्किंग टेपचा बारीक तुकडा लावून ठेवावा आणि भोकांत टेपची गुंडाळी खोचून ठेवावी. रंग वाळला की ती काढून घ्यायची, जागा आपोआप कोरी मिळते.

मग गोंद न लावता भाग एकदा जागेवर धरून पाहावा. भोकात रंग साचून ते लहान झालेले असते. तेथे जोर लावला की बारीक पाय हमखास मोडतो. भोक टोच्याने किंवा हातात फिरवायच्या बारीक ड्रिलने मोकळे करावे. भाग जोर न लावता आत गेला पाहिजे. तो जात नसेल तर गोंदाचे झाकण उघडूच नये.

गोंद ट्यूबमधून थेट विमानावर कधीही सोडू नये. बाटलीच्या झाकणावर किंवा तुटक्या फरशीच्या तुकड्यावर एक थेंब काढावा. सुईच्या टोकाने त्यातला कणभर उचलून भागाच्या टोकाला लावावा. विमान कोरडे राहील आणि गोंद फक्त भागावर राहील असे पाहावे. एवढे केले तरी ओघळण्याचे निम्मे प्रसंग टळतात.

चिमट्याचेही तंत्र आहे. घट्ट दाबला की गोल भाग त्यातून बियांसारखा उडतो. चिमटा भाग पडणार नाही एवढाच दाबावा. अगदी लहान भागासाठी चिमट्यापेक्षा काडी बरी. टूथपिकच्या टोकाला मेणाचा कण लावला की भाग त्याला अलगद चिकटून येतो आणि जागेवर बसला की सुटतो. मनगट टेबलावर किंवा एखाद्या जाड पुस्तकावर टेकलेले असावे. हवेत धरलेला हात कोणाचाही थरथरतो. काम करताना पंखा बंद ठेवावा आणि काठ असलेला ताट किंवा ट्रे खाली घ्यावा. मांडीवर फिक्या रंगाची ओढणी किंवा चादर पसरली तर पडलेला भाग जमिनीवर जात नाही.

तरीही एखादा भाग उडालाच, तर कोणीही जागेवरून उठू नये. दिवा मालवून बॅटरी जमिनीवर आडवी ठेवावी आणि उजेड फरशीला समांतर फिरवावा. तांदळाच्या कणीएवढ्या तुकड्याचीही लांब सावली पडते आणि तो दिसतो. घरात व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याच्या तोंडावर जुना पातळ मोजा बांधून फिरवावा. भाग मोज्यावर अडकतो.

आता कोणता भाग कधी लावायचा ते पाहू. मजबूत भाग आधी, नाजूक भाग शेवटी, आणि खालची बाजू वरच्या बाजूच्या आधी, असा क्रम धरावा. विमान जुन्या टॉवेलवर किंवा स्पंजमध्ये खाच करून उलटे ठेवावे. प्रथम चाकांचे पाय लावावेत. सगळे वजन त्यांच्यावर येणार असल्याने येथे सिमेंट वापरावे आणि रात्रभर हात लावू नये. चिकटवल्यावर लगेच समोरून, डोळे विमानाच्या उंचीला आणून, दोन्ही पाय सारखे आहेत का ते पाहावे. सिमेंट काही मिनिटे मऊ असते, तेवढ्यात सरळ करता येते. दुसऱ्या दिवशी चाकांजवळची झाकणे, मग पंखाखालची नळी. तिसऱ्या दिवशी विमान स्वतःच्या चाकांवर उभे करून वरचे भाग. वैमानिकाची मागे पाहण्याची आरसी आणि रेडिओच्या खांबासारखे भाग सगळ्यांत शेवटी. लवकर लावलेला खांब पुढच्या प्रत्येक कामात आडवा येतो आणि मोडतो.

प्रत्येक भागासाठी गोंदही वेगळा. प्लास्टिकला प्लास्टिक जोडायचे तर सिमेंट. धातूची तार जोडायची तर सुपर ग्लू, कारण सिमेंट धातूला धरत नाही. वैमानिकाच्या डोक्यावरचे पारदर्शक छत लावायचे तर पांढरा लाकडाचा गोंद, म्हणजे घरात असतो तो फेविकॉल. तो वाळल्यावर बराचसा पारदर्शक होतो आणि ओला असताना पाण्याने पुसता येतो. सुपर ग्लूची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर बसून ते धुरकट पांढरे करते, म्हणून छताजवळ तो नेऊच नये.

सुपर ग्लूची हकीकत मुलांना सांगण्यासारखी आहे. १९४२ साली अमेरिकेत ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या नेमयंत्रासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. त्यांना सापडलेले एक रसायन ज्याला लागेल त्याला चिकटून बसे, म्हणून ते बाजूला पडले. पुढे त्याच चिकटपणाचा उपयोग ध्यानात आला आणि १९५८ साली ते गोंद म्हणून बाजारात आले. हा गोंद हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्याने घट्ट होतो. कोकणच्या पावसाळ्यात तो म्हणूनच झटपट धरतो. मात्र तो टणक असला तरी ठिसूळ असतो. ओढले तर सहज सुटत नाही, पण आडवा धक्का बसला की तडकतो. चाकांच्या पायांना तो नको, हे याचसाठी.

आता पत्रातल्या विमानाची दुरुस्ती. पंखावर ओघळलेल्या गोंदाला आता हात लावू नये, तो पूर्ण वाळलेला असावा. १००० नंबरचा किंवा त्याहून बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून तेवढीच जागा हळूहळू घासावी. बोटाला उंचवटा लागेनासा झाला की थांबावे. मग पातळ केलेला रंग दोन-तीन हातांत, प्रत्येक हात वाळू देऊन लावावा. डाग पंखाच्या एखाद्या रेषेपर्यंत नेऊन थांबवला तर नव्या-जुन्या रंगाची सीमा दिसत नाही.

मोडलेल्या पायाचे दोन्ही तुकडे जवळ असतील तर तो जोड सर्वांत सोपा आहे. मोडीच्या जागी रंग नसतो आणि दोन्ही तोंडे एकमेकांत अचूक बसतात. कणभर सिमेंट लावून तुकडे जुळवावेत, सरळ धरावेत आणि रात्रभर ठेवून द्यावेत. सारखा मोडत असेल तर दोन्ही तुकड्यांत बारीक भोक पाडून आत तारेचा तुकडा घालता येतो.

हरवलेली नळी घरीच करता येईल. त्यासाठी ती नळी काय करते हे मुलाने आधी जाणून घ्यावे. तिला पिटो नळी म्हणतात. आंरी पिटो या फ्रेंच अभियंत्याने १७३२ साली सेन नदीच्या प्रवाहाचा वेग मोजण्यासाठी अशी नळी वापरली होती. विमानात तिचे तोंड समोरून येणाऱ्या हवेकडे असते. हवेचा दाब तिच्यात शिरतो आणि त्यावरून वैमानिकाला वेग कळतो. हरिकेनमध्ये ती डाव्या पंखाखाली, खाली उतरून पुढे वळलेली असते. काम कळले की बसवायची कशी तेही कळते. ती उड्डाणाच्या दिशेला समांतर हवी, तिरकी असेल तर खऱ्या विमानात वेग चुकीचा दिसला असता. विजेच्या जुन्या वायरमधली तांब्याची एक जाडसर तार घ्यावी, पकडीने काटकोनात वळवावी, पंखाला तेवढेच भोक पाडावे आणि सुपर ग्लूच्या कणाने बसवावी. खोक्यातल्या मूळ नळीपेक्षा ही पक्की होईल.

या विमानाचे आपल्या मुलांना जवळचे वाटावे असे एक नाते आहे. हैदराबादचे इद्रिस हसन लतीफ हे १९७८ ते १९८१ या काळात भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते आणि पुढे १९८२ ते १९८५ या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल होते. तरुणपणी, दुसऱ्या महायुद्धात, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यांनी हरिकेन विमाने उडवली होती. त्या आघाडीवरच्या आपल्या बाजूच्या विमानांवरील गोल चिन्हातून लाल रंग काढून टाकलेला होता. जपानी विमानांवर लाल गोळा असे, आणि घाईत आपल्याच विमानावर गोळी झाडली जाऊ नये म्हणून ही खबरदारी. लहानशा खुणेवर माणसाचा जीव अवलंबून होता. मुलाला हे सांगितले तर पंखाखालची ती नळी त्याला प्लास्टिकचा निरर्थक तुकडा वाटणार नाही.

याचा अर्थ खोक्यातला प्रत्येक भाग लावलाच पाहिजे असा नाही. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने शाळांतील मुलांकडून १:७२ प्रमाणातली विमानांची लाखो मॉडेल करवून घेतली. ती लाकडाची होती आणि काळ्या रंगात रंगवलेली. आकाशातले विमान आपले की शत्रूचे, हे आकृतीवरून ओळखायला सैनिकांना शिकवणे एवढाच हेतू होता, म्हणून बारीक तपशिलांची गरज नव्हती. आपल्या घरातही हेतू आणि जागा पाहावी. खोक्यात वैमानिकाची आकृती असते. ज्या घरी ती नको वाटते तेथे आसन रिकामे ठेवतात, आणि जमिनीवर उभ्या विमानात रिकामे आसन शोभतेही. एका खोलीत सहा माणसे राहत असतील आणि विमान उघड्या फळीवर राहणार असेल, तर केसासारखी अँटेनाची तार लावू नये. ती आठवड्यात तुटेल आणि कोणाच्या तरी नावावर जाईल. एखादा भाग न लावण्याचा निर्णय मुलाने आधी विचार करून घेतला असेल तर तो कामाचाच भाग आहे.

आता तुमचा प्रश्न, भगिनी. तुम्ही काय करावे? मुलाने जशी भागासाठी जागा तयार करायची, तशी तुम्ही त्याच्यासाठी करून द्या. असर ते मगरिबच्या दरम्यान खिडकीजवळचा उजेड चांगला असतो. तेवढा वेळ टेबलाचा एक कोपरा त्याचा. धाकट्या भावंडांना दुसऱ्या खोलीत गुंतवा, पंखा बंद करा, आणि दिवसाला एकच काम ठरवून द्या. आज फक्त पंख घासायचा. उद्या फक्त पाय. "लवकर आटप" म्हणू नका, आणि "आण इकडे, मी करते" तर मुळीच म्हणू नका. मागितली तर बॅटरी धरा. अब्बा येईपर्यंत सगळे पुरे झालेच पाहिजे असेही नाही. आरसी आणि रेडिओचा खांब शिल्लक राहिले तर राहू द्या. इन्शाअल्लाह बापलेक मिळून लावतील. वर्षातले अकरा महिने दूर राहणाऱ्या बापाला तयार वस्तू पाहण्यापेक्षा मुलाचे काम चालू असताना शेजारी बसायला मिळाले तर ते अधिक आवडेल, असे आम्हाला वाटते. चिमटा मात्र मुलाच्याच हातात असावा.

काही खबरदाऱ्या सांगणे आमचे कर्तव्य आहे. ब्लेड आणि सुपर ग्लू वापरताना मोठे माणूस घरात असावे. सिमेंट, थिनर आणि सुपर ग्लूची वाफ कोंडू नये, खिडकी उघडी ठेवावी आणि तोंड फार जवळ नेऊ नये. सांडलेला सुपर ग्लू सुती कापडाने पुसू नये, सुताशी त्याचा संयोग झाला की तो चटका बसण्याइतका तापतो. बोटे चिकटली तर ओढू नयेत. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हलकेच सोडवावीत. डोळ्यांत गेला तर चोळता थेट डॉक्टर गाठू नये असे होऊ नये. चोळायचे अजिबात नाही, लगेच डॉक्टरांकडे जायचे. घरात रांगते मूल असेल तर काम संपताच ट्रे उचलून वर ठेवावा, कारण हे सगळे भाग गिळण्याएवढे आहेत.

शेवटी एक विनंती. हे जोडकाम परदेशी खोक्यातून आले असले तरी असे हात आपल्या घरांत नवे नाहीत. मालेगाव-भिवंडीत मागावर तुटलेला धागा सांधणारे, मुंबईत जरीकाम करणारे, गावोगावी घड्याळे दुरुस्त करणारे कारागीर आपल्या वाचकांत आहेत. बारीक वस्तू कशी धरावी, हात कसा टेकवावा, डोळे कसे जपावेत, हे त्यांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. त्यांनी चार ओळी लिहून पाठवाव्यात. मुलांनीही आपल्या आजोबांना किंवा चाचांना विचारून पाहावे. पुढच्या अंकांत आम्ही त्या अनुभवांना याच सदरात जागा देऊ.